मदत हवी आहे: अल्जिनेटचे मणी बफरमध्ये विरघळून जातात

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे पीएचप्रमाणे (आम्लतेप्रमाणे) फुगणाऱ्या हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा. जेल पोटात आखडून राहावं, आतड्यात फुगावं आणि डायक्लोफिनॅक सोडियम हे वेदनाशामक आठ तास हळूहळू सुटावं, असा बेत.

सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळतं ते) २ टक्के, त्यात औषध. सिरिंजने थेंब थेंब ३ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडतो. पडल्या पडल्या मणी होतात. फोटो बघून आईने विचारलं, "साबुदाणा भिजवलास? उपास कुणाचा?"

डिसोल्युशनला (औषध किती सुटतं त्या चाचणीला) ३७ अंशांवर दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, पोटासारखं. औषध जवळपास बाहेरच आलं नाही. मी खूश. मग आतड्यासारखा ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. तासाभरात मणी लिबलिबीत, दीड तासात गायब. तिन्ही बॅचची तीच गत. गाईड म्हणाले, क्रॉसलिंकिंग (साखळ्यांची एकमेकींशी बांधणी) वाढव. कॅल्शियम क्लोराइड ५ टक्के केलं, मणी तासभर त्यातच मुरू दिले (क्युरिंग), तर मणी जेमतेम पंधरा मिनिटं जास्त टिकले.

त्यात हा जुलै. वाळवलेल्या मण्यांचं सकाळचं वजन दुपारी राहत नाही, त्यामुळे किती फुगले या आकड्यावर माझाच विश्वास नाही. आता डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवतोय. पण बफरचं काय करू?

म्हापसेकरीण: कॅल्शियम वाढवून उपयोग नाही. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमनेच बांधलेल्या असतात. फॉस्फेट तो ओढून घेतो आणि त्या जागी बफरमधला सोडियम येऊन बसतो, मग गाठ राहीलच कशी? बफर किंचित गढूळ होतो का बघ, तो कॅल्शियम फॉस्फेट. त्याच पीएचचा ट्रिस बफर (त्यात फॉस्फेट नसतं) घेऊन एकदा तुलना कर.

दुसरं, पहिल्या दोन तासांचं श्रेय जेलला देऊ नकोस. डायक्लोफिनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) ४ च्या आसपास, ॲसिडमध्ये ते मुळात फारसं विरघळतच नाही. नुसती पावडर टाकलीस तरी आलेख तसाच दिसेल. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी नुसतं औषध, घेतला होतास?

मी: नाही घेतला, ताई. बफर गढूळ झाला होता खरा. मला वाटलं भांडं नीट धुतलं नाही.

म्हापसेकरीण: होतं असं. पुढची बॅच काइटोसनच्या आवरणाची कर, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळव. सुंगटांच्या (कोळंबीच्या) टरफलांपासूनच करतात ते. त्याचा धनभार अल्जिनेटच्या ऋणभाराला धरतो, ती पकड कॅल्शियमवर अवलंबून नाही. मात्र ७.४ ला काइटोसनचाही भार बराच उतरतो, तेव्हा आठ तासांचा शब्द गाईडना आताच देऊ नकोस.

मी: देव बरें करूं! ट्रिस लॅबमध्ये आहे, सोमवारी कंट्रोलसकट लावतो. आता त्या पहिल्या दोन तासांचं गाईडना कसं सांगू, तेवढं कुणीतरी सुचवा. सेमिनारमध्ये तीच स्लाइड सगळ्यात जास्त वेळ दाखवली होती.