गाडीनं आधीच सांगितलं होतं : तुमचे अनुभव लिहा

आंबेनळी घाटात आलेला तो वास अजून नाकात आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो. गाडीत आई, बायको, दोन मुलं, डिकीत गच्च सामान. तिसऱ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत मी गाडी आणत होतो. अर्ध्या घाटात जळकट वास यायला लागला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं. पाय स्पंजवर पडावा तसं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. दुसरा, मग पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या अंगाला रुंद जागा पाहून थांबलो. चाकांवर बाटलीतलं पाणी ओतणार होतो, तर आई म्हणाली, "अरे, बिडाचा तापलेला तवा पाण्याखाली धरतं का कुणी? तडकेल ना!" ब्रेकची डिस्कही बिडाचीच असते. पाऊण तास नुसते थांबलो.

खाली आल्यावर मेकॅनिकनं ब्रेक ऑइल दाखवलं. काळं झालं होतं. चार वर्षांत बदललंच नव्हतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, मग ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. आता दर दोन वर्षांनी बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरतो. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे पाहिले की मला अजून धडकी भरते.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. त्याआधी महिना दोन महिने, सिग्नलला थांबताना पेडल थोडं खोल जातंय हे मला जाणवत होतं. गाडीनं सांगितलं होतं, मी मनावर घेतलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्या गाडीनं पहिली खूण कशी दिली, ती तुम्ही कधी ओळखलीत आणि मग काय केलंत, ते लिहा. नवीन बसवलेल्या वस्तूंचे अनुभवही चालतील, पैसे वाया गेले असतील तर तेही.

चिपळूणहून

२२ जुलै २०२१. चिपळूणकरांना यापुढे काही सांगावं लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी आमच्या आवारात शिरलं तेव्हा गाडी काढायला वेळच मिळाला नाही. पाणी सीटच्या वर गेलं. ओसरल्यावर चिखलानं माखलेल्या गाडीपाशी मी किल्ली घेऊन उभी होते, तेवढ्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन लागला. त्याचं पहिलं वाक्य, "ताई, काहीही कर, पण किल्ली फिरवू नकोस."

कारण असं, की इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन फुटूही शकतं. आमच्याच गल्लीत दोघांनी "बघू तरी चालू होते का" म्हणून स्टार्टर मारला आणि दोघांचीही इंजिनं उघडावी लागली. वर विम्याचाही घोळ. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरलेली गाडी चालू करायला जाऊन बिघडलेलं इंजिन त्यात धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. कोकणात राहणाऱ्यांनी ती घ्यावीच, माझं ठाम मत आहे.

आम्ही चारही बाजूंनी फोटो काढले, पाण्याची रेघ कुठवर आहे ती स्पष्ट दिसेल असे. बॅटरीची वायर सोडली. गाडी उचलून गॅरेजमध्ये नेली. तिथं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. इंजिन, गिअरबॉक्स, सगळी ऑइलं, फिल्टर बदलले, सीट आणि खालचं कार्पेट बाहेर काढून वाळवलं. रांग एवढी होती की गाडी हाती यायला दिवाळी उजाडली. नंतरही वर्षभर काही ना काही निघत राहिलं : कधी काचेची मोटर, कधी एअरबॅगचा दिवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी कितीही चकाचक धुतलेली असो, बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालचे स्क्रू गंजलेत का तेही बघा.

अकोल्याहून

मी निवृत्त आहे, गाडी फार फिरत नाही. आठ वर्षांत जेमतेम २२ हजार किलोमीटर. टायरची नक्षी अजून चांगली खोल दिसायची, म्हणून मी निर्धास्त होतो. शिर्डीला समृद्धी महामार्गानं जायचं ठरलं तेव्हा हवा भरायला गेलो. टायरवाल्या मुलानं टायरकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, हे टायर घेऊन समृद्धीवर चाललात?"

त्यानं बाजूवरचा आकडा दाखवला. शेवटचे चार अंक १८१६, म्हणजे २०१६ सालच्या १८ व्या आठवड्यात बनलेला टायर. बाजूच्या रबरावर बारीक भेगा होत्या, एका टायरला आतल्या बाजूनं फुगवटा. ८० च्या पुढे स्टिअरिंग किंचित थरथरतं हे मला वर्षभर माहीत होतं. मी त्याचा दोष रस्त्यावर ढकलत होतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. रबर नुसतं उभ्या गाडीचंही म्हातारं होतं. आणि समृद्धीवर १२० पर्यंतची मुभा आहे, तासन् तास तो वेग. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, दबला की तापतो आणि तापला की फुटतो. लोक सिमेंटच्या रस्त्याला दोष देतात, पण आधी आपल्या टायरची हवा बघावी. ती सकाळी, गाडी न चालवता, टायर थंड असताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं, सामान आणि माणसं भरलेली असतील तर किती तेही बहुतेकदा असतं. चालून आल्यावर आकडा वाढलेला दिसला तर हवा काढू नका, तो तापल्यामुळे वाढलेला असतो.

चार टायर बदलले. मी १०० च्या पुढे जात नाही आणि दर दीड-दोन तासांनी उतरतो. सरळ रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपतं, हे त्या प्रवासात मी स्वतः अनुभवलं. सौ. शेजारून बोलत राहिल्या म्हणून बरं.

सांगलीहून

वडिलांचं गॅरेज आता मी बघते. या धाग्यावर लिहिलंच पाहिजे असं वाटलं, कारण अर्धं निदान गिऱ्हाइकाच्या तोंडूनच होतं. "आवाज येतोय" एवढं सांगून भागत नाही. थंड इंजिनला येतो का गरम? वळताना, खड्ड्यात का सरळ रस्त्यावर? वेगाबरोबर वाढतो का इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? क्लच दाबला की बदलतो का? एवढं बघून या. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर आवाज टिपायला सांगा, आमच्यासमोर आली की गाडी नेमकी गप्प बसते.

स्टिअरिंग पूर्ण फिरवून वळताना कट-कट-कट येत असेल तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, जी एका बाजूला वळलं की कमी होते, ती चाकाची बेअरिंग. छोट्या खड्ड्यांत खटखट ही बहुधा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची किंवा रबरी बुशची. ब्रेक लावताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे पॅड संपत आले. काही पॅडना त्यासाठीच पत्र्याची जीभ दिलेली असते. ती डिस्कला घासून ओरडते. तिचं ऐकलंत तर पॅडवर भागतं, दुर्लक्ष केलंत तर डिस्कही जाते. क्लच दाबल्यावरच येणारी घरघर क्लचच्या रिलीज बेअरिंगची.

आणि एक, आमच्याच धंद्यातलं असलं तरी सांगते. दर सर्व्हिसला इंजिन फ्लश, कोटिंग, अमुक ट्रीटमेंट असं कुणी बिलात चढवत असेल तर गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडा. किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता त्यात असतो. तक्त्यात नसलेल्या कामाला कारण विचारा आणि बदललेले पार्ट परत मागा. प्रामाणिक मेकॅनिकला त्याचा राग येत नाही. तुमच्या गाडीला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा) असेल तर त्याची मुदत मात्र एक दिवसही पुढे ढकलू नका. तो तुटायच्या आधी बहुतेक वेळा काहीच आवाज करत नाही आणि तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

*— ताई, कट-कट माझ्याही गाडीत सुरू झालंय. किती दिवस चालवू?*

*— दादा, लांबच्या प्रवासाला नकोच. चाकामागे वाकून बघा, जॉइंटवरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. नुसतं बूट फाटलेलं असताना आला असतात तर थोडक्यात भागलं असतं. आता जॉइंट तपासावा लागेल.*

नाशिकहून

सीएनजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आम्ही किट बाहेरून बसवलं. आरसी बुकावर नोंद केली, विमा कंपनीलाही कळवलं, कारण नोंद नसेल तर दाव्याच्या वेळी अडचण होते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. आतल्या वायूचा दाब २०० बारच्या आसपास असतो, त्यामुळे ती चुकवायची गोष्ट नाही.

आमची चूक पेट्रोलची झाली. सीएनजी स्वस्त पडतो म्हणून पेट्रोलची टाकी कायम तळाला. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, हे पंप जळाल्यावर कळलं. त्याआधी पंधरा दिवस सकाळी किल्ली दोन-तीनदा फिरवल्याशिवाय गाडी सुरू होत नव्हती. आता पाव टाकी ठेवतो आणि आठवड्यातून एक फेरी, गंगापूर रोडची, पेट्रोलवर मारतो. मागे वजन वाढल्यामुळे कसारा घाटात गाडी वळणावर थोडी वेगळी वाटते, सवय होईपर्यंत जपून चालवा.

ठाण्याहून

बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांतली) डिझेल गाडी घेणाऱ्यांनी आधी आपलं रोजचं अंतर मोजा. माझं चार किलोमीटर, घर ते स्टेशन. सहा महिन्यांत डीपीएफचा, म्हणजे धुराच्या नळीतल्या फिल्टरचा, दिवा लागला. धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि तो पुरेसा तापला की गाडी ती आपोआप जाळते. चार किलोमीटरमध्ये तो तापतच नाही. खुणा होत्या : उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या जरा जास्त, बंद केल्यावरही पंखा चालू, गरम वास. म्हणजे जाळायचं काम सुरू होतं आणि मी रोज मधेच गाडी बंद करत होतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढली होती, अर्धवट राहिलेल्या त्या कामातलं डिझेल ऑइलमध्ये उतरलं होतं.

आता दर रविवारी पहाटे नाशिक हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवतो, फेऱ्या दोन हजारांच्या वर ठेवून. दिवा परत लागलेला नाही. पण आज घेतली असती तर पेट्रोलच घेतली असती.

कोल्हापूरहून

गगनबावड्याच्या रात्रीच्या रस्त्याला उजेड पुरत नाही म्हणून ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब घातले. ते रस्त्यासाठी कायदेशीर नाहीत हे दुकानदारानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन महिन्यांत होल्डर वितळला. मग त्याच काचेत पांढरे एलईडी घातले. समोरचे सगळे अप्पर-डिपर मारू लागले. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो प्रकाश नीट एकवटत नाही, विखुरतो. आपल्याला उजेड वाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. एका दुचाकीवाल्याला माझ्या उजेडात चाचपडताना पाहिलं, त्याच्या पुढे लहान मूल बसलं होतं. दुसऱ्या दिवशी ते काढले.

शेवटी काय केलं? पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या काचा पॉलिश केल्या, मूळ वॉटचेच चांगले बल्ब घेतले, रिलेसह वेगळी वायरिंग टाकली आणि दिव्यांचा कोन नीट करून घेतला. उजेड पुरतो.

पुण्याहून, थोडक्यात

पावसाळ्यात उंदीर. एसीला कुबट वास आला, केबिन फिल्टर काढला तर आत घरटं. वायर कुरतडायला सुरुवात झाली होती. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं सगळं करून पाहिलं. उपयोग झाला तो गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त एका जागी न ठेवण्याचा आणि रात्री बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवण्याचा. शेंगदाण्याची टरफलं, मुलांच्या बिस्किटांचा चुरा गाडीत राहू देऊ नका.

सीट कव्हरचंही बघा. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथं जाड कव्हर शिवून घेऊ नका, ती उघडायला अडते.

धागा काढणाऱ्याकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. अकोल्याच्या काकांचं वाचून आज सकाळी खाली गेलो. चारही टायर ठीक आहेत, २०२२ चे. मग डिकीतली चटई उचलून स्टेपनी बाहेर काढली. शेवटचे चार अंक ४११३. गाडी घेतल्यापासून ती एकदाही जमिनीला लागलेली नाही, नक्षी कोरी आहे, आणि हवा दहाच्या खाली. याच स्टेपनीच्या भरवशावर मी आईला आंबेनळीतून आणलं होतं. उद्या बदलतो.

सांगलीच्या ताई, एक विचारायचं होतं. उजवीकडे वळताना घूं-घूं कमी होते, डावीकडे वाढते. आवाज मोबाइलवर टिपलाय, ऐकून सांगाल का?