कुराणातली आयत (वचन) अर्धीच का दाखवतात?

हर्णैकर: काल बंदरावर भाच्याने मोबाइलवर क्लिप दाखवली. "मामा, कुराणात 'मारा' असं लिहिलंय?" शेजारी चाचा जाळं विणत होते, त्यांची सुई थांबली. पोराला काय सांगू?

दर्यावर्दी: दादा, ती ९:५, म्हणजे नवव्या सूरेतली (अध्यायातली) पाचवी आयत, युद्धातली. पुढचीच ९:६ सांगते, मुश्रिकाने (अनेक देव मानणाऱ्याने) आसरा मागितला तर द्या, सुरक्षित जागी पोचवा. क्लिपवाले ती कापतात. आयसिसही असंच तोडून वापरायची. २०१४ मध्ये १२०हून जास्त मुस्लिम विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादीला जाहीर पत्र लिहून ते खोडलं.

माडवाली: आमच्या ग्रुपवर महाभारताच्या नावाने 'धर्महिंसा तथैव च' (धर्मासाठी हिंसाही तशीच) फिरतं. महाभारतात तो चरण नाहीच! अनुशासनपर्वात 'अहिंसा परमो धर्मः'च्या पुढे 'तथाहिंसा परो दमः' (अहिंसा हाच श्रेष्ठ संयम) आहे. राग येतो हो, देवाच्या नावावर खोटं खपवतात.

हर्णैकर: आज चाचांनीच भाच्याला ९:६ वाचून दाखवली. जाळं अर्धंच राहिलं.