दुकानात तब्येत बिघडते तेव्हा: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

गेल्या शनिवारी बिलिंगच्या रांगेतच माझ्या अकरा वर्षांच्या मुलीची शुगर उतरली. तिला टाइप 1 मधुमेह आहे. दारावर पिशवी जमा करून टोकन घ्यावं लागलं होतं आणि ग्लुकोज, मीटर, सगळं त्या पिशवीत. ‘भैया, इसमें बच्ची की दवाई है’ म्हटलं, तर गार्ड म्हणाला, नियम आहे.

शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅमच्या आसपास साखर लगेच पोटात जावी लागते, मग 15 मिनिटांनी परत मोजायचं. तिचे तळहात घामाने गार पडले, ट्रॉलीची दांडी सुटायला लागली. मी ट्रॉलीतलाच ज्यूस फोडून तिला पाजला. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, ‘मॅडम, बिल से पहले नहीं!’ रांगेतल्या एक आजी तिला जवळ घेऊन खाली बसल्या, पदराने वारा घालत राहिल्या. पिशवी मिळाल्यावर मोजली तर 62, आणि तीही ज्यूस पोटात गेल्यावर.

त्या मुलाला कोणी काही शिकवलेलंच नाही, त्याला काय बोलणार? पण शिकवायला हवं. तुम्हाला कुठे काय सोय मिळाली, कुठे नाकारली, ते लिहा. दुकानाचं नाव नको.

तिलकनगरहून
बाबांना पार्किन्सन आहे. नोटा मोजताना हात थरथरतो, मागचे लोक चुळबुळ करायला लागले की आणखीच. हल्ली पाकीट माझ्याकडे देऊन ‘तूच दे’ म्हणतात. दिवाळीत सीतलामाता बाजारात आईला साडी घेतली. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाबांशेजारी गादीवर येऊन बसले. ‘बाऊजी, आराम से.’ पाकिटाला हात लावला नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही. बाबांनी एकेक नोट गादीवर सरळ करून ठेवली. घरी येईस्तोवर साडीबद्दल नाही, त्या माणसाबद्दल बोलत होते.

राजेंद्रनगरहून
मला पेसमेकर आहे. मॉलच्या दारात कार्ड दाखवून सांगतो, हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका. बहुतेक जण ऐकतात.

सुदामानगरहून
मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होतात. वरून धडधाकट दिसते, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. कळ आली की दोन मिनिटंही हातात नसतात. कपड्यांच्या मोठ्या दुकानात टॉयलेट विचारलं, तर उत्तर, ‘वो स्टाफ का है.’ चार लोकांसमोर आजार सांगावा लागला, तरी नाहीच. घरी कशी पोचले ते लिहवत नाही. आता राजवाड्याकडे जायचं तर सकाळपासून काही खात नाही. स्वच्छतेसाठी देशभर नाव झालेल्या आपल्या शहरात हे होतं, याचं फार वाईट वाटतं.

रामबागेतून
वकिली करते, म्हणून थोडं सांगते. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, सिकलसेल त्यात येतात, मधुमेह त्या यादीत नाही. वाजवी सोय नाकारणं हा त्या कायद्यात भेदभाव धरला आहे, आणि सुगम्यतेचे, म्हणजे जागा आणि सेवा दिव्यांगांनाही वापरता येईल अशी ठेवण्याचे नियम खाजगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहेत. मॅनेजरकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं पुढच्या शिफ्टपर्यंतही टिकत नाही.

धागा काढणारी
रामबागेच्या ताई, तुमचं वाचून काल लेखी देऊन आले. मॅनेजरने पोच दिली, गार्डला बोलावून माझ्यासमोर सांगितलं. औषधाची पिशवी आज लेकीच्या खांद्यावरच होती. काउंटरजवळ एक स्टूलही मागितलं आहे, ते अजून आलेलं नाही. सोमवारी परत विचारते.