ताळगाव पठारावरचं हॉस्टेल आणि चार महिन्यांचा पाऊस: खोलीत काय न्यावं?

कणकवलीची_आई

नमस्कार मंडळी. मुलीला एम.ए.ला गोवा विद्यापीठात, म्हणजे पणजीजवळच्या ताळगाव पठारावर, प्रवेश मिळालाय, कॅम्पसमधल्या हॉस्टेलात जागाही मिळाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सामान घेऊन सोडायला जायचंय. खोली दोघींत. खाट, कपाट, टेबल तिथलं, गादी आपली न्यायची. पाऊस आम्हाला नवा नाही, पण घरी चुलीच्या वर दोरी असते, माळा असतो, कपडे कुठेतरी सुकतात. बंद खोलीत ते कसं जमवायचं? गादी कापसाची न्यावी की फोमची? विजेची किटली चालते का? आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मेस बंद असते म्हणतात, ते खरं का? जाणकारांनी नीट सांगावं, एकदाच खरेदी करायची आहे.

पेडणेकरीण

ताई, पाऊस तोच, पण पठार उघडं आहे. समुद्राकडून येणारी सर पश्चिमेच्या नि नैऋत्येच्या खिडकीवर थेट आदळते. खाट निवडायची संधी मिळाली तर त्या खिडकीखालची घेऊ नये. खिडकी सरकती अॅल्युमिनियमची असेल तर पहिल्याच दिवशी खालची पन्हळ बघा. तिला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने नि मेलेल्या पाखरांनी बुजतात. मग पन्हळ भरते आणि पाणी आत गादीवर उतरतं. खराट्याचा एक हीर घेऊन भोकं मोकळी करायची, मग तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातं का बघायचं. खिडकी गळते म्हणून होणाऱ्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

गादी कापसाची अजिबात नको. ओल धरते, जड होते आणि उन्हाशिवाय सुकत नाही. फोम हलका, पण अंगाचा घाम त्याच्या तळाशी अडकतो. काथ्याची 3 ते 4 इंचांची गादी सगळ्यात बरी, तिच्यातून हवा खेळते. खाटेचं माप आधी ऑफिसात फोन करून विचारा. रुंदी कुठे 3 फूट असते, कुठे अडीच. खाटेवर प्लायवूडची फळी असेल तर गादीखाली चटई घाला, प्लास्टिक घालू नका. ओल खालून येते असं समजून लोक प्लास्टिक पसरतात, पण ती येते वरून, अंगातून, आणि प्लास्टिकवर साचून पंधरा दिवसांत गादीला काळे ठिपके पडतात. आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून दोन तास पंखा सोडायचा.

कपडे हा खरा प्रश्न. जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा, चार पंचे द्या. पंचा पंख्याखाली काही तासांत सुकतो, टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. जीन्स एकच पुरे. रविवारी ढीग धुवायचा नाही, रोज दोन-तीन कपडे धुवायचे. पिळून झाल्यावर कपडा कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्हीची एकत्र गुंडाळी करून वर गुडघा दाबायचा. उरलेलं बरंच पाणी पंचा ओढून घेतो. मग पंख्याखाली, दोन कपड्यांत चार बोटं जागा सोडून. खोलीत कपडे वाळत असताना खिडकी पूर्ण बंद ठेवू नये, निदान वरची झडप उघडी हवी. नाहीतर कपड्यातलं पाणी हवेत जातं आणि तिथून कपाटात. कुबट वास आलाच तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कपडा अर्धा तास भिजवा.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. बुरशी धरते ती मागच्या फळीला, चपलांच्या आतल्या बाजूला, पट्ट्याला आणि बॅगेच्या बंदाला, कारण तिथे हवा हलत नाही. कपाट गच्च भरू नये. डांबराच्या गोळ्या कीड थांबवतात, ओल नाही. ओलीसाठी कॅल्शियम क्लोराइडचा डबा मिळतो, पण दार सारखं उघडत राहिलं तर तो आठवड्यातच पाण्याने भरतो. कागदपत्रांची मूळ प्रत हॉस्टेलात नेऊच नका. नेणं भागच असेल तर चेनवाल्या प्लास्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून.

फोंड्याचा_वायरमन

किटलीबद्दल मी सरळ नको म्हणेन, आणि हॉस्टेलच्या नियमावलीतही बहुतेक नकोच असेल. नियम उगाच केलेला नाही, तो हिशेब असा. 1500 वॉटची किटली 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. टेबलाजवळचा छोटा तीन पिनांचा सॉकेट 6 अँपिअरचा, आणि एका एमसीबीवर, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, कधीकधी दोन खोल्या. एका खोलीत किटली, शेजारी इस्त्री, की एमसीबी पडलाच. तो पडला तर बरंच, न पडता सैल सॉकेट तापत राहिला तर ते वाईट. जळक्या मासळीसारखा वास आला किंवा पिन तपकिरी दिसली तर तो सॉकेट वापरायचा बंद करा आणि वॉर्डनच्या वहीत नोंद करा. पाणी तापवायची सळई तर कधीच नको. लोखंडी बादली, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यात जीव जातो. गरम पाणी मेसमधून थर्मासात आणा. एक लिटरचा स्टीलचा थर्मास किटलीपेक्षा जास्त कामाला येतो.

एक्स्टेंशन बोर्ड आयएसआय खुणेचा, दीड-दोन मीटर वायरचा घ्या. वायर गुंडाळी करून ठेवू नका, गुंडाळलेली वायर तापते. बोर्ड फरशीवर ठेवू नये, टेबलाच्या पायाला उंचावर बांधावा. पावसाळ्यात फरशीला घाम येतो, वर पुसायच्या फडक्याचं पाणी.

जुलै-ऑगस्टमध्ये सारखी वीज जाते अशी तक्रार असते. त्यात दोन प्रकार. एमसीबी पडतो भार वाढला की किंवा शॉर्ट झालं की. आरसीसीबी, म्हणजे ज्यावर टेस्टचं बटण असतं तो, पडतो वीज जमिनीकडे गळली की. ओल शिरलेला चार्जर किंवा भिंतीतला भिजलेला बोर्ड एवढंही त्याला पुरतं, 30 मिलिअँपिअरला तो तुटतो. शोधायची रीत सोपी: खोलीतले सगळे प्लग काढायचे, इलेक्ट्रिशियनकडून स्विच वर करून घ्यायचा, मग एकेक प्लग लावत जायचं. ज्याला पडला तो दोषी. काही न लावताही पडत असेल तर दोष भिंतीत आहे, आणि ते काम हॉस्टेलच्या माणसाचं. चिकटपट्टी लावून स्विच वर धरून ठेवायचं तर स्वप्नातही नको. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात गडगडाट जास्त असतो, तेव्हा लॅपटॉपचा चार्जर आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवावी. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही.

डिचोली_मेसकमिटी

काकू, मेसचं सांगतो. पैसे बहुधा आगाऊ घेतात. सुट्टीला गेल्यावर कट, म्हणजे त्या दिवसांच्या पैशांची वजावट, हवी असेल तर जायच्या आधी लेखी द्यावं लागतं, आणि किती सलग दिवस गेलं तर कट मिळतो ते नियमावलीत असतं. तेवढं पान पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवायला सांगा. परत आल्यावर सांगून काही मिळत नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. म्हणजे मुलगी जाईल तेव्हा मेसला ताजी मासळी थोडी नि महाग, सुकी किंवा बर्फातली जास्त. त्यानंतर श्रावण, मग बरेच जण शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतात. ती मासे खाणारी असेल तर पहिले दोन महिने जेवणाची फार तक्रार करील, त्यावरून मेस वाईट असं ठरवू नका.

चवथीला हॉस्टेल रिकामं होतं आणि मेस बंद किंवा अर्धी असते, कारण आचारीही घरी जातात. राहायचंच असेल तर आठवडाभर आधी नाव द्यावं. घरी यायचं असेल तर करमळीहून गाडी सोयीची, पण आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि चवथीचं लगेच संपतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळेवर जाऊ नका. पणजीहून पठारावर यायला बस आहेत, रात्री 8 नंतर विरळ होतात. मग पायलटची, म्हणजे भाड्याने नेणाऱ्याची, मोटारसायकल किंवा टॅक्सी, दोन्हीचे पैसे आधी ठरवून.

पाणी: झाकणाची 20 लिटरची बादली एक आणि मग. साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून बादली आतून घासायची. डेंगीचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती बादलीच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

अजून एक, रॅगिंगविरोधी हमीपत्र दरवर्षी ऑनलाइन भरायचं असतं, मुलीचं आणि पालकांचं, दोन्ही. हेल्पलाइन 1800-180-5522, तिच्या फोनमध्ये आधीच घालून द्या.

कणकवलीची_आई

सगळ्यांचे आभार. एकच शंका. ओळखीच्यांनी सांगितलं की कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवला की बुरशी येत नाही. करावं का? आणि आलेली बुरशी पुसायची कशाने?

फोंड्याचा_वायरमन

नको, ताई. उबेने ओल कमी होते हे खरं, पण कपाटात कपडे बल्बवर सरकतात, दार बंद असतं आणि मुलगी वर्गात असते. आग लागली तर कळणारही नाही. रोज संध्याकाळी तासभर दोन्ही दारं उघडून पंखा सोडा, तेवढं पुरतं.

पेडणेकरीण

बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, ती खोलीभर उडते नि शिंका सुरू होतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग लाकडावर पांढरं व्हिनेगर लावून पंख्याखाली सुकू द्या. चपला-पट्ट्यालाही हेच. ब्लीचिंग न्हाणीच्या फरशीपुरतं ठीक, पण ते व्हिनेगरमध्ये किंवा संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये मिसळू देऊ नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. मुलींना हे आवर्जून सांगा, कारण न्हाणीत दोन्ही बाटल्या शेजारीशेजारीच ठेवलेल्या असतात.

आणि खोली ताब्यात घेताना कपाटाच्या मागच्या फळीचा, छताच्या कोपऱ्यांचा नि खिडकीच्या चौकटीचा फोटो काढून ठेवा. सामानाच्या यादीवर सही करायच्या आधी, नंतर नव्हे. वर्ष संपताना ओलीचे डाग कोणाच्या माथी येतात ते त्या फोटोवरच ठरतं.