रविवारची पायी फेरी: गावात, टेकांवर

चेअरमन: सर्वांना नमस्कार 🙏 येत्या रविवारी सोसायटीतर्फे 'जुनं नाशिक पायी' अशी फेरी काढतोय. सकाळी ६.३० ला गेटवर जमायचं. रामकुंड, नारोशंकर, काळाराम, सीता गुंफा, मग जिलबी आणि परत. नावं द्या.

बी-४०२ ताई: आमची दोन. मुलं उठली तर चार.

सी-२०३: गाड्या कुठे लावायच्या? मेनरोडला लावली की टोइंगवाले हजर.

ए-१०१ काकू: चेअरमन साहेब, राग मानू नका, पण ही पंचवटीची फेरी झाली. पाहुणे आले की आपण सगळे हेच दाखवतो. जुनं नाशिक म्हणायचं तर नदीच्या अलीकडे, टेकांवर चढायला हवं.

चेअरमन: राग कसला काकू. खरं सांगू, म्हसरूळ टेकावरून शंभरदा गेलो असेन, गाडीवरून. थांबलो कधीच नाही.

बी-४०२ ताई: मी सोलापूरची, मला यातलं काहीच माहीत नाही. तिथे बघायला काय आहे काकू? मंदिरं?

ए-१०१ काकू: एकदमच लिहिते, मग कूकर लावायचाय. माझं माहेर तिवंध्याचं. सगळं गावठाण टेकड्यांवर वसलंय, नऊ म्हणतात जुनी माणसं. चित्रघंटा, म्हसरूळ टेक, कोकणीपुरा, गढी. बाजार खाली, वस्ती वर. असं का, ते पावसाळ्यात समजतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही आधी विचारायचो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? गळ्याच्या वर गेलं की सराफ बाजारात माल माडीवर चढवायची घाई. दहीपुलाला तर गंगेची, म्हणजे गोदावरीची, वाटही बघावी लागत नाही, खालून झाकलेला सरस्वती नाला जातो, जोराच्या पावसात तोच वर येतो. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टात टीव्हीवर सगळं गाव बुडाल्यासारखं दाखवत होते. आमच्या ओट्याला पाणी लागलं नव्हतं. खालची दोन बिऱ्हाडं उलट आमच्याकडे जेवायला होती. म्हणून म्हणते, घाटावरून सुरुवात करा आणि वर चढा. चढता चढता गाव समजतं.

सी-२०३: काकू, हे भारीच. पण चढ किती? आईचे गुडघे.

ए-१०१ काकू: पांडवलेणीसारखा नाही रे. बोळांतून हळूहळू चढत जायचं, मधे ओटे आहेत बसायला. विचारून बसायचं मात्र. ते लोकांचं दार आहे.

सी-५०१: शुभ सकाळ. सुविचार: प्रयत्नांती परमेश्वर.

चेअरमन: मग मार्ग असा धरू. अहिल्याबाई होळकर पुलापाशी सुंदरनारायण, तिथून सराफ बाजार, सरकारवाडा, मग वर तिवंधा. सुंदरनारायण १७५६ चं आहे, २१ मार्चच्या सुमाराला सूर्याची किरणं थेट मूर्तीवर येतात. नारोशंकरची घंटा पलीकडच्या काठाला राहील. १७३९ ला वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांची आणलेली, ती मुलांना दाखवायची होती.

ए-१०१ काकू: घंटा पुलाच्या त्या टोकाला जाऊन आधी बघून घ्या. आणि तिळभांडेश्वर लेनीत अभिनव भारत मंदिर सोडू नका. सावरकर बंधूंच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेची तीच जागा.

बी-४०२ ताई: रहाड म्हणतात ती पण तिथेच ना? ऑफिसातल्या मैत्रिणीनं रंगपंचमीचा व्हिडिओ पाठवला होता. रस्त्यात एवढा मोठा हौद, माणसं उड्या मारतायत!

ए-१०१ काकू: तिथेच. धप्पा मारतात, उडी नाही म्हणत 😄 पेशव्यांच्या वेळच्या आहेत. तिवंध्याच्या रहाडीचा पिवळा, दिल्ली दरवाजाचा केशरी, आणि पलीकडे पंचवटीत शनी चौकाचा गुलाबी. आत्ता दिसणार काहीच नाही. वर्षभर लाकडाच्या ओंडक्यांनी झाकून वर माती असते, त्यावरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी उकरून पूजा करतात. उभं राहून मुलांना सांगा, तुमच्या पायाखाली आहे.

सी-२०३: आणि काझीची गढी? तिथून पूर्ण गोदावरी दिसते. ड्रोन नेतो मी.

डी-३०४ काका: ड्रोन घरी ठेव. जुलैत गढीवर जायचं नाव काढू नका. नदीच्या बाजूची माती दर पावसाळ्यात खचते, महापालिका दर वर्षी नोटिसा काढते, तरी माणसं राहतात, कारण दुसरं घर नाही. त्यांच्या कडेला उभं राहून फोटो काढायचे, हे बरं दिसत नाही.

सी-२०३: ओके काका, ड्रोन रद्द. पण ती नुसती मातीची टेकडी आहे का?

डी-३०४ काका: नुसती कसली. १९५०-५१ ला सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. खाली ताम्रपाषाण काळातली खापरं, त्यावर सातवाहन, त्यावर मुस्लिम-मराठा काळ. एकावर एक थर, म्हणजे माणसं पुन्हा पुन्हा तिथेच वसली. आपण ज्याला खचणारी माती म्हणतो त्यात हे सगळं आहे. लांबून बघा, पोरांना सांगा, पुढे चला.

बी-४०२ ताई: एखाद्या वाड्यात आत जाता येईल का हो? इन्स्टाग्रामवर फार सुंदर दिसतात ते लाकडी खांब.

डी-३०४ काका: सुंदर दिसतात खरे. आमचा वाटा आहे ना एकात, म्हणून मला जरा वेगळं दिसतं. वारस अकरा, भाडेकरू तीन, भाडं आजोबांच्या काळातलं. सागवानी खांब अजून खणखणीत, पण मागच्या भिंतीत पाणी मुरतंय. दुरुस्ती म्हटली की अकरा सह्या. दर मे महिन्यात धोकादायक बांधकामाची नोटीस येते, ती दिंडी दरवाजाला चिकटवून जातात. गेल्या वर्षीची फाडायच्या आत यंदाची आली. लोक येतात, दरवाज्याच्या कडीचा फोटो काढतात आणि 'जपा हो' म्हणून जातात.

सी-२०३: मग पाडून बिल्डिंग का नाही बांधत काका? स्पष्ट विचारतो.

डी-३०४ काका: बोळ सहा फुटांचा. बांधायला परवानगी किती मजल्यांची मिळणार, आणि अकरा जणांत वाटणार काय? शिवाय मला पाडायचाही नाही. दोन्ही खरं आहे.

ए-१०१ काकू: भाऊ, माझ्या माहेरचा पाडला. तिथे आता पत्र्याचं शेड आणि स्कूटर आहेत. तुमचा उभा आहे तोवर दाखवा.

चेअरमन: ठरलं तर. सिटीलिंक बसने शालिमारला उतरू, म्हणजे पार्किंगचा प्रश्न मिटला. छत्र्या नकोत, बोळात दोन छत्र्या समोरासमोर आल्या की वाहतूक बंद. रेनकोट आणा. चपला घसरणाऱ्या नकोत. वस्तीत मोठ्यानं बोलायचं नाही, रविवारी लोक झोपलेले असतात.

सी-५०१: लिफ्ट परत बंद आहे का?

चेअरमन: माणूस येतोय ११ ला.

डी-३०४ काका: मी पण येतो. किल्ली माझ्याकडेच आहे. एका वेळी दहाच जण आत, माडीवर कुणीही नाही, तिथला लाकडी पाटाईचा भाग बसलाय. लहान मुलांचा हात सोडायचा नाही, चौकातला आड उघडा आहे.

सी-२०३: काका, स्टोअररूममध्ये जाड प्लायवूड पडलंय, लॉबीच्या कामातलं. आडावर टाकायला आणू का? शनिवारी संध्याकाळी टेम्पोनं नेऊन ठेवतो. माप तेवढं पाठवा.