शब्दचर्चा : सिंथेसायझरमधल्या ‘एन्व्हलप’ला मराठीत काय म्हणावे?

मंद्रसप्तक : शेजारची दोन मुले माझ्याकडे सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य, शिकायला येतात. मराठी माध्यमातली आहेत, हार्मोनियम बरी वाजवतात. फिल्टर म्हटल्यावर त्यांना चहाची गाळणी आठवली आणि तेवढ्यावर काम भागले. गाडी अडली ती एन्व्हलप जनरेटरपाशी, म्हणजे सुराचा आवाज कसा चढेल, थांबेल आणि विरेल हे ठरवणाऱ्या भागापाशी. मी ‘लिफाफा’ म्हणालो, तर धाकट्याने विचारले, “आत काय असतं?” पुढचे चार शब्द, अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज, यांना मी आघात, ऱ्हास, टिकाव, मुक्ती असे लिहून दिले. ‘मुक्ती’वर दोघेही हसत सुटले. काही बरे सुचवा.

खटपट्या : कशाला हा उपद्व्याप? यंत्रावर इंग्रजीच छापलेले असते. अटॅक म्हणा आणि बटण फिरवा.

अनुस्वार : खटपट्याराव, मुलगा “आत काय असतं” विचारतो तेव्हा बटण फिरवून उत्तर मिळत नाही.

लिफाफा चूकच. आवाजाची लहर कागदावर काढली तर बारीक बारीक शिखरांची रांग दिसते. त्या शिखरांच्या टोकांवरून जी एकच सलग रेषा ओढता येते, ती म्हणजे एन्व्हलप. म्हणजे आत काही ठेवायची पिशवी नव्हे, बाहेरून दिसणारी आकाररेषा. हिंदीत गणितवाल्यांनी ‘अन्वालोप’ केले आहे. संस्कृत वाटते खरे, पण ते इंग्रजीच आहे, धोतर नेसून आलेले.

खुला_बोल : माझा आक्षेप ‘टिकाव’ला आहे आणि तो नुसता भाषेचा नाही. अटॅक, डिके आणि रिलीज हे तिन्ही वेळ सांगतात. पट्टी दाबल्यावर आवाज शिगेला पोचायला किती वेळ, तिथून खाली यायला किती, बोट उचलल्यावर विरायला किती. सस्टेन मात्र वेळ सांगतच नाही. बोट दाबलेले असेपर्यंत आवाज कुठल्या पातळीवर थांबेल, एवढेच तो सांगतो. किती वेळ थांबेल हे बोट ठरवते. ‘टिकाव’ म्हटले की नवशिक्याला वाटते, बटण वाढवले की सूर जास्त वेळ टिकेल. मी स्वतः वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायला लागलो तेव्हा दोन वर्षे याच समजुतीत होतो. सतारीचा आवाज बनवायचा म्हणून सस्टेन पूर्ण वर नेऊन ठेवायचो आणि ऑर्गन ऐकू यायचा.

हार्मोनियमवाल्या मुलांना त्यांच्याच पेटीवरून सांगा. पट्टी दाबली, सूर आला, भाता चालू आहे तोवर तसाच राहिला, सोडली, गेला. अटॅक जवळजवळ शून्य, सस्टेन पूर्ण, रिलीज शून्य. डिकेला तिथे कामच नाही, कारण वरून खाली उतरायचेच नाही. आता देवळातली घंटा घ्या. टोला पडताक्षणी आवाज कळसाला, मग लांबच लांब उतार आणि सस्टेन शून्य. रिलीजही लांब ठेवावा लागतो, नाहीतर बोट उचलताच आवाज तुटतो. वाजलेली घंटा कोणी हाताने धरावी तसा.

मंद्रसप्तक : हाताने धरलेली घंटा उद्याच वापरतो. रिलीजला ‘आस’ म्हटले तर? सतारीची आस, तंबोऱ्याची आस आपण म्हणतोच.

खुला_बोल : शब्द सुंदर, जागा चुकली. सतारीची आस ही छेडल्यानंतर आपसूक विरत जाणारी गुंज आहे. ती डिकेत येईल. रिलीज ‘सोडल्यावर’ सुरू होतो. तबल्यातला खुला बोल आणि बंद बोल यातला फरक त्याच्या जास्त जवळचा.

अनुस्वार : एक गंमत सांगतो. आपले ध्वन्यनुकारी शब्द हे सगळे आधीच लिहून ठेवतात. ‘टक्’चा पाय मोडला की आवाज जागच्या जागी मेला. ‘टण्ण्’मधला ण मागे रेंगाळतो. ‘धप्प’ आणि ‘धडाड्’ यांचे उतार वेगळे. आणि ‘अरेऽऽऽ’मधले अवग्रह हे तर बोट दाबून धरणेच झाले.

पट्टीचा_पोहणारा : इतिहासात डोकावले तर तिथेही शब्दांचा घोळ सापडतो. १९६४ मध्ये सिंथेसायझर घडवणारे रॉबर्ट मोग (मूग गिळू नका, उच्चार ‘मोग’ आहे) आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच न्यूयॉर्क राज्यात एकत्र काम करत होते. सूर चालू-बंद होत होता, पण त्याला सुरुवात-शेवटाचे वळण नव्हते. त्यांनी पहिला प्रयोग केला तो चक्क दारावरच्या घंटीचे बटण आणून. पुढच्या वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टन या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या केंद्रातल्या व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी मोगकडे जी यंत्रे मागितली, त्यांच्या तपशिलात हे चार भाग आले.

आता या धाग्याच्या कामाची गोष्ट. मोगच्याच १९७० च्या मिनीमोग सिंथेसायझरवर ‘एन्व्हलप’ हा शब्दच नाही, ‘कॉन्टूर’ (आकाररेषा) आहे! आणि बटणांखाली छापले आहे अटॅक टाइम, डिके टाइम, सस्टेन लेव्हल. खुला_बोल म्हणतात तेच. चौथे बटण नाहीच. एक खटका चालू केला की रिलीजला डिकेचाच वेळ लागू होतो. यामाहाच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरमध्ये (१९८३) तर चार वेग आणि चार पातळ्या आल्या. तिथे आकडा मोठा म्हणजे बदल जलद, म्हणून ‘वेळ’ समजून ९९ वर नेणारा हमखास फसतो.

अनुस्वार : कॉन्टूर! मग शब्द आपल्याकडे पडलेलाच आहे की. घाट. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, कथेचा घाट, तसा सुराचा घाट. शिवाय दुसरा अर्थ फुकटात. कोकणातून देशावर या: आधी छातीवरचा चढ, मग माथा, तिथून जरासा उतार आणि पुढे पठार. पठाराची उंची ठरलेली असते, त्यावर किती चालायचे ते तुमच्या पायांवर. सस्टेनचा घोटाळा इथेच मिटतो.

खटपट्या : म्हणजे अटॅक वाढवायचा तर खंबाटकी आणि कमी करायचा तर रोपवे? (घाट मात्र आवडला. कोणाला सांगू नका.)

पट्टीचा_पोहणारा : चढ-उतार चालतील, पण मुलांना सांगा की उतार सरळ रेषेत नसतो. जुन्या यंत्रांत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, रिकामा होत असतो. आधी भरभर, मग रेंगाळत. पुराचे पाणी ओसरते तसे. म्हणून रिलीजला ओसर म्हणा.

खुला_बोल : ‘ओसर’ला माझे अनुमोदन. ‘सोडत’ असा विचार मनात आला होता, पण लोक घरांचे अर्ज घेऊन येतील.

मंद्रसप्तक : आज शिकवून पाहिले. चढ, उतार, पठार लगेच उमगले. ‘ओसर’ला थोरला म्हणाला, “आजीच्या गावाकडे ओसरी असते, ती का?” त्यावर अजून काम करायला हवे. धाकट्याने पठार शून्यावर नेले, पट्टी दाबून धरली आणि आवाज विरल्यावर म्हणाला, “सर, घाट उतरलो ते थेट समुद्रात.” मग त्याने स्वतःच उतार लांबवला. घंटा वाजली.