कारीयो खुर्चीत बसून राहिला. बरं, मग?

खडूसकाका
काल 'सांजवारा' यांनी लिहिलं की २३ फेब्रुवारी १९८१ ला बंडखोर लेफ्टनंट कर्नल तेजेरो पिस्तूल नाचवत स्पेनच्या संसदेत घुसला, छताला गोळ्या लागल्या, झाडून सगळे खासदार बाकांखाली गेले; ताठ राहिले ते तिघे. पंतप्रधान सुआरेझ, उपपंतप्रधान जनरल गुतिएरेझ मेयादो आणि कम्युनिस्ट पक्षाचा नेता सांतियागो कारीयो. सबब कारीयो स्पॅनिश लोकशाहीचा शिल्पकार. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

बसून राहिला, मान्य. पण माणूस ९७ वर्षं जगला, त्यातली एक संध्याकाळ किती दिवस पुरवून खाणार? नोव्हेंबर १९३६ कुठे गेला? यादवी युद्ध पेटलेलं, पुढे हुकूमशहा झालेल्या बंडखोर जनरल फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर, सरकारने व्हॅलेन्सियाला काढता पाय घेतलेला आणि शहराच्या सुव्यवस्थेचं खातं २१ वर्षांच्या कारीयोकडे. त्याच दिवसांत तुरुंगांतून कैदी बसमध्ये कोंबून नेले आणि माद्रिदबाहेर पाराकुएयोस गावाला गोळ्या घालून पुरले. दोन हजारांच्या वर! हा मरेपर्यंत म्हणत राहिला, मी त्यांना व्हॅलेन्सियाला हलवत होतो, वाटेत काय झालं ते माझ्या हातात नव्हतं. एकदा झालं तर मानू हो. चार आठवडे गाड्या जाताहेत आणि खातेप्रमुखाला पत्ता नाही? मेल्चोर रोद्रिगेझ या अराजकवाद्याने तुरुंगांचा ताबा घेतला तशी कत्तल थांबली. म्हणजे थांबवता येत होती.

सांजवारा
काका, फ्रँकोच्या प्रचारखात्याने चाळीस वर्षं दळलेलं पीठ तुम्ही पुन्हा चाळताय. कत्तल झाली, कोण नाही म्हणतंय? हुकूम त्याचा होता याचा कागद दाखवा. आणि युद्ध संपल्यावर फ्रँकोने हजारो माणसं भिंतीशी उभी केली, त्यावर धागा कधी काढताय?

१९७७ बद्दल बोला ना. जानेवारीत माद्रिदच्या अतोचा रस्त्यावर कामगारांच्या कम्युनिस्ट वकिलांच्या ऑफिसात घुसून उजव्या अतिरेक्यांनी गोळीबार केला, पाच जण गेले. कारीयोने नुसती बोटाने खूण केली असती तर माद्रिद पेटलं असतं. अंत्ययात्रेला रस्ते भरले आणि लोक चिडीचूप चालले. ९ एप्रिलला बंदी उठून कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर झाला तो या शिस्तीमुळे.

तिखटमीठ
शिस्त! आणि बदल्यात काय दिलं? राजा मान्य, राजाचा झेंडा मान्य. ज्याला हाच 'हुआन कार्लोस अल्पकालीन' म्हणून हिणवायचा, तो अल्पकालीन २०१४ पर्यंत गादीवर होता.

मी डाव्या घरातली, म्हणून मला काकांपेक्षा जास्त झोंबतं. संसदेत पक्षाला १९७७ ला २० जागा, १९७९ ला २३ आणि १९८२ ला? चार. उभी हयात तुरुंगात काढलेल्या कार्यकर्त्यांच्या पदरात हे पडलं. पक्षातलेच नेते क्लौदीन आणि सेम्प्रुन आधीपासून कानीकपाळी ओरडत होते की स्पेन बदललाय, फ्रँको उद्या पडत नाही. त्यांना १९६४ ला हाकललं आणि पुढे बरंचसं त्यांचंच म्हणणं युरोकम्युनिझम, म्हणजे मॉस्कोपासून वेगळा, निवडणुकीच्या वाटेचा कम्युनिझम म्हणून स्वतःच्या नावावर खपवलं.

खडूसकाका
तिखटमीठ बाई आणि मी एका बाजूला. आज सूर्य पश्चिमेला उगवला.

तिखटमीठ
मी तुमच्या बाजूला नाही. तुमच्या पलीकडे आहे.

गिरणगावचा पोरगा
मला खुर्चीपेक्षा ते पत्र खटकतं. यादवी युद्धाच्या शेवटी, मार्च १९३९ मध्ये, फ्रँकोविरोधी बाजूच्याच कर्नल कासादोने कम्युनिस्टांविरुद्ध बंड केलं, त्यात कारीयोचा बाप वेन्सेस्लाओ सामील. मुलाने जाहीर पत्र लिहून बापाशी नातं तोडलं. जाहीर!

माझा बाप लाल बावट्याचा. ८२ च्या संपात मी डॉक्टर सामंतांच्या मागे गेलो. एका खोलीत राहून आठ महिने आम्ही बोललो नाही. 'त्याला सांग, आमटी घे,' हे आईने मध्ये बसून पोचवायचं. पण छापून नाही आणलं कधी.

सांजवारा
तुमची आमटी आणि यादवी युद्ध यात थोडा फरक आहे.

गिरणगावचा पोरगा
संपाच्या सहाव्या महिन्यात आमटीही नव्हती, पेज होती. तोंड सांभाळून बोला.

कातरवेळ
आमच्याकडे ६४ ला पक्ष फुटला तेव्हा आजोबा एका पक्षात, त्यांचे धाकटे भाऊ दुसऱ्यात. आत्याच्या लग्नाच्या पत्रिकेत दोघांची नावं एका ओळीत नकोत म्हणून छापखान्यात दोनदा खिळे जुळवले. आजी म्हणायची, रशिया-चीनचं भांडण आणि माझ्या पंगतीत दोन पानं रिकामी.

तिखटमीठ
कातरवेळ, अगदी! आमच्याकडे डांग्यांच्या नावावरून ताट भिरकावलेलं आहे. त्यांना १९८१ ला पक्षानेच काढलं, कारीयोला १९८५ ला. ज्या सुरीने आयुष्यभर दुसऱ्यांना कापलं तीच फिरली, असं माझे वडील दोघांबद्दलही म्हणायचे.

खडूसकाका
पत्रिका, पंगत, ताट. पाराकुएयोसचं उत्तर कोणी देणार आहे का?

सांजवारा
देतो. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे मलाही पटत नाही. झालं समाधान? पण ठाऊक असणं आणि हुकूम देणं यात मी फरक करतो. तुम्ही करत नाही.

खडूसकाका
करतो की. म्हणूनच खुनी म्हटलं नाही, खोटारडा म्हटलं असतं. आणि तुमच्या समाधानासाठी: त्या संध्याकाळी मी असतो तर बाकाखाली पहिला गेलो असतो. एवढंच देतो, जास्त मागू नका.

कातरवेळ
१९७६ ला विग घालून चोरून देशात राहिला आणि डिसेंबरात पकडला गेला, त्यावर कोणीच बोललं नाही. निराशा झाली.

सांजवारा
गिरणगाव, मघाशी आमटीवरून बोललो ते चुकलंच. वडील नंतर बोलले का?

गिरणगावचा पोरगा
८३ च्या दिवाळीत. मी गॅलरीत कंदील लावत होतो. मागून म्हणाले, 'वाकडा लागलाय.'